साक्ष आणि निष्कर्ष : डेक्कन कॉलेजातील आंतरशाखीय संशोधनाचा एक कालखंड (१९३९–१९७१)

निरनिराळ्या विद्याशाखांनी एकत्र येऊन संशोधन करावे, ही अपेक्षा आज विद्यापीठीय जगात सर्वमान्य झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले, आणि प्रबंधाची रूपरेषा सादर करणारा विद्यार्थी आपल्या विषयामागे 'आंतरविद्याशाखीय' हे विशेषण लावण्यास सहसा विसरत नाही. तथापि दोन शास्त्रे एकत्र येतात म्हणजे नेमके काय घडते, एकाने दुसऱ्याकडून काय घ्यावयाचे असते आणि काय घ्यावयाचे नसते, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. अशा प्रश्नाचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेने मिळत नाही. जेथे हे काम प्रत्यक्ष झाले, तेथील इतिहास तपासून पाहणे हाच मार्ग अधिक भरवशाचा होय. या दृष्टीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील १९३९ ते १९७१ या कालखंडाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संस्थेचा पूर्वेतिहास वाचकांस परिचित आहे. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेजात रूपांतर झाले, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने उभारलेल्या येरवड्याजवळील वास्तूत १८६८ साली ते गेल्यावर त्यास डेक्कन कॉलेज हे नाव प्राप्त झाले. कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी येथे संस्कृतचे अध्यापन केले. भांडारकरांनी १८७७ साली विल्सन व्याख्यानांतून भारतीय आर्यभाषांचा इतिहास मांडला आणि १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध केला. म्हणजे भाषेचा इतिहास आणि राजवंशांचा इतिहास हे त्यांच्या ठायी एकाच व्यासंगाचे दोन भाग होते. परंतु ती एका व्यक्तीची बहुश्रुतता होती. अनेक शास्त्रांतील व्यक्तींनी मिळून एखादा प्रश्न सोडविण्याची पद्धती तेव्हा जन्मास यावयाची होती.

१९३४ साली मुंबई सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी या निर्णयाविरुद्ध न्यायालयीन लढा दिला, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी त्यासाठी खटपट केली, आणि अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. पुन्हा उघडले ते मात्र वेगळ्या रूपात : पदवीपूर्व वर्ग नाहीत, केवळ पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन. इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे १९४० ते १९४२ पर्यंत संचालक होते. त्यानंतर ही धुरा सुमित्र मंगेश कात्रे यांच्याकडे आली आणि १९७१ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. कात्रे भाषाशास्त्राचे, हसमुख धीरजलाल सांकलिया पुरातत्त्वाचे, इरावती कर्वे समाजशास्त्र व मानवशास्त्राच्या, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाचे, सी. आर. शंकरन् द्राविडी भाषा व ध्वनिशास्त्र यांचे. अध्यापकवर्ग इतका लहान होता की एका विभागाचे काम दुसऱ्यापासून झाकून राहणे शक्यच नव्हते. पदव्या देण्याचा अधिकार मुंबई विद्यापीठाचा, आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाचा. या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९० साली मिळाला.

लहान आकार ही अनुकूलता खरी, परंतु केवळ तिच्यामुळे सहकार्य घडते असे म्हणता येणार नाही. एका छपराखाली आयुष्यभर राहूनही परस्परांचे ग्रंथ न वाचणारे अध्यापक आपणांस ठाऊक आहेत. सहकार्य घडविणारे कारण निराळे होते. संशोधनाची वस्तूच अशी समोर येई की एकट्या शास्त्राने तिच्यापुढे हात टेकावेत.

गुजरातेतील लांघणज येथील उत्खनन हे याचे पहिले ठळक उदाहरण होय. सांकलियांनी १९४१ पासून गुजरातेत प्रागैतिहासिक अवशेषांचा शोध आरंभिला. वाळूच्या टेकाडांत सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची अतिशय लहान हत्यारे, सापडत होती. ती कोणत्या काळची आणि ती वापरणारी माणसे कशी होती, हे हत्यारांवरून सांगता येत नव्हते. १९४४ साली त्याच थरांत मानवी सांगाडे मिळाले. इतिहासाच्या अभ्यासकाला हाड वाचता येत नाही. इरावतीबाई बर्लिनहून मानवी कवटी व सांगाडा यांचा अभ्यास करून आलेल्या होत्या. त्या मोहिमेत सहभागी झाल्या, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक कुरुलकर यांची जोड त्यांना मिळाली, आणि १९४५ मध्ये प्राथमिक वृत्तान्त प्रसिद्ध झाले. पुढे १९४९ साली लंडन विद्यापीठाचे झॉयनर गुजरातेत आले आणि मातीच्या व वाळूच्या थरांवरून त्या प्रदेशाच्या प्राचीन हवामानाचा क्रम त्यांनी लावला. त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजनेच १९५० मध्ये प्रसिद्ध केला. एका टेकाडापाशी तीन शास्त्रे आली. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रत्येकाने आपल्या पद्धतीनेच आपली साक्ष दिली. हाडांच्या मोजमापावर हत्यारांच्या वर्गीकरणाचा भार नव्हता, आणि थरांचा अर्थ लावताना हाडांचा आधार घेतलेला नव्हता. यामुळेच त्या साक्षी परस्परांना पडताळून पाहण्याच्या उपयोगी पडल्या.

अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) नेवासे येथील उत्खननात ही पद्धती अधिक विस्ताराने दिसते. मराठी वाचकाला नेवासे ठाऊक असते ते १२९० सालच्या ज्ञानेश्वरीमुळे. प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात झालेल्या उत्खननाने त्याच गावाचा इतिहास सातवाहनकाळ, ताम्रपाषाणयुग आणि त्याही मागे अश्मयुगापर्यंत नेला. ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांना तोंडास तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत असत. अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत धाग्याचा अंश टिकून राहिला होता, कारण तांब्याच्या क्षारांनी त्याला कुजू दिले नाही. पुरातत्त्वज्ञाच्या हाती त्या धाग्याचे काहीच वर्णन करता आले नसते. मुंबईच्या माटुंगा येथील कापूस-तंत्रज्ञान प्रयोगशाळेतील ए. एन. गुलाटी यांनी त्याची तपासणी केली, आणि त्यात कापूस व रेशीम असल्याचे दाखविले. तीन सहस्रकांपूर्वी प्रवरेकाठच्या एका घरी मूल गेले, आणि त्याला माळेसह पुरले गेले. तो धागा कशाचा होता हे आज आपण जाणतो, ते एका कापूसतज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकामुळे. डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये क्लटन-ब्रॉक, विष्णु-मित्रे आणि गुलाटी यांचे हाडे, वनस्पती व धागे या विषयांवरील अहवाल एकत्र छापले. प्राणिशास्त्रज्ञ, पुरावनस्पतिशास्त्रज्ञ आणि वस्त्रतंत्रज्ञ यांची नावे एका मुखपृष्ठावर यावीत, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

आता भाषेच्या क्षेत्राकडे वळू. प्राकृत भाषांचा अभ्यास प्रामुख्याने नाटके, काव्ये, जैन आगम आणि व्याकरणग्रंथ यांच्या आधारे होत असे. या साधनांत एक मूलभूत अडचण आहे. हस्तलिखिताची नक्कल शतकानुशतके होत जाते. लिहिणारा आपल्या काळाची, आपल्या प्रदेशाची किंवा व्याकरणाने शिकविलेली रूपे त्यात घालतो. कोणते रूप कोणत्या काळचे व कोणत्या ठिकाणचे, हे त्यामुळे निश्चित करता येत नाही. शिलालेखाची गोष्ट वेगळी आहे. तो कोरल्या जागी राहतो, आणि त्याचा काळ लिपीवरून किंवा त्यातील राजनामांवरून बऱ्याच अंशी ठरविता येतो. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी मधुकर अनंत मेहेंदळे यांनी कोरीव लेखांतील प्राकृताचे ऐतिहासिक व्याकरण सिद्ध केले. तो ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. लेख वाचले आणि त्यांचे काळ ठरविले ते इतिहासकारांनी व लिपिज्ञांनी. मेहेंदळ्यांनी ती साक्ष स्वीकारली, आणि ध्वनी व रूपे यांचा प्रदेशवार व कालवार इतिहास भाषाशास्त्राच्या नियमांनी मांडला. काळ ठरविण्याचे काम त्यांनी भाषेच्या रूपांवर सोपविले असते, तर 'हे रूप जुने म्हणून लेख जुना, आणि लेख जुना म्हणून रूप जुने' असे वर्तुळ तयार झाले असते.

उलट दिशेने झालेला प्रवासही असाच उद्बोधक आहे. सांकलियांनी गुजरातच्या ताम्रपटांतील व शिलालेखांतील स्थलनामे आणि व्यक्तिनामे गोळा करून त्यांवरून त्या प्रदेशाचा सांस्कृतिक भूगोल रेखाटला. हा अभ्यास १९४९ मध्ये ग्रंथरूपाने आला. ८१२ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात ज्या गावाचा वटपद्रक असा उल्लेख येतो, ते आजचे वडोदरा. नामातील 'पद्र' या अंशाचे पुढे काय झाले, हे सांगावयास ध्वनिपरिवर्तनाचे नियम लागतात. ते गाव कोठे होते आणि कोणास दान दिले, हे ताम्रपट सांगतो. पुरातत्त्वज्ञाने येथे भाषाशास्त्राचे नियम घेतले, परंतु स्थाननिश्चिती केली ती लेखातील चतुःसीमा व प्रत्यक्ष भूगोल पाहून. नावाचे नुसते साम्य पुरेसे मानले असते तर निष्कर्ष किती घसरले असते, हे स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्या कोणासही सांगावयास नको.

इरावती कर्वे यांचा आप्तसंबंधांवरील ग्रंथ १९५३ साली डेक्कन कॉलेजच्या ग्रंथमालेत आला. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग कल्पून त्यांनी प्रत्येक भाषेतील नात्यांचे शब्द आणि विवाहाचे नियम जोडीने मांडले. या ग्रंथात भाषेची साक्ष सर्वत्र आहे. परंतु भाषाकुलावरून समाजरचना ठरविण्याचा मोह त्यांनी टाळला. महाराष्ट्राचे उदाहरणच पाहावे. मराठी ही आर्य भाषाकुलातील; तरीही येथील अनेक जातींत पुरुषाने मामाच्या मुलीशी विवाह करणे मान्य आहे, आणि ही रीत उत्तरेकडील निषेधापेक्षा दक्षिणेच्या प्रथेशी अधिक जुळते. म्हणून महाराष्ट्राची गणना त्यांनी मध्य विभागात केली. भाषेची सीमा आणि नात्याची सीमा एक नाही, हे या वर्गीकरणानेच मान्य केले.

नात्याच्या शब्दांची साक्ष किती जपून घ्यावी लागते, हे दाखविण्यासाठी दोन घरगुती शब्द घेऊ. जुन्या मराठी घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत असे. पहिला शब्द मामेबहिणीशी होणाऱ्या विवाहाशी तंतोतंत जुळतो. कारण असा विवाह झाला म्हणजे मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. केवळ भाषेवर विसंबणारा अभ्यासक येथे समाधानाने थांबेल. परंतु दुसऱ्या शब्दाचे काय? सासरा हा मामा ठरावयाचा असेल, तर मुलीचा विवाह मामाच्या मुलाशी झाला पाहिजे. म्हणजे पुरुषाच्या बाजूने पाहता तो आतेबहिणीशी झालेला विवाह होय, आणि तो तर बहुतेक ठिकाणी निषिद्ध. दोन्ही शब्द एकाच वेळी अक्षरशः खरे व्हावयाचे, तर आत्या आणि मामा हे पतिपत्नी असावे लागतात. म्हणजे आदल्या पिढीत साटेलोटे झालेले असले पाहिजे. अशा प्रकारे दोन शब्दांतून विवाहाच्या तीन निरनिराळ्या रीती निघतात. कदाचित 'मामंजी' हा जावयाच्या तोंडचा शब्द सुनेच्या तोंडी गेला असेल. कदाचित तो केवळ आदरार्थी संबोधन म्हणून पसरला असेल. यांपैकी काय खरे, हे व्याकरण सांगू शकत नाही. गावोगाव हिंडून, वंशावळी विचारून, कोणाचे लग्न कोणाशी झाले याची नोंद करूनच ते कळेल. शब्द प्रश्न उभा करतो. त्याचे उत्तर वंशावळीकडे असते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने इरावतीबाईंच्या ग्रंथापासून हे शिकण्याजोगे आहे.

याच दृष्टीने त्यांचे पुढील कामही पाहता येईल. जाती या एका मूळ समाजाचे तुकडे पडून झाल्या नसून स्वतंत्र गट परस्परांजवळ येऊन झाल्या, असे मत त्यांनी १९६१ च्या हिंदू समाजावरील ग्रंथात मांडले. ते समाजशास्त्रीय अनुमान होते. ते शारीरिक मोजमापांच्या स्वतंत्र साक्षीवर तपासून पाहण्याचे काम त्यांनी आपले सहकारी कैलाश मल्होत्रा यांच्यासह केले, आणि महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. एका शास्त्रातील मत दुसऱ्या शास्त्राच्या कसोटीवर लावावयाचे, आणि ती कसोटी आधीपासून त्या मताला विकली गेलेली नसावी, ही काळजी येथे स्पष्ट दिसते.

येथवरची हकीकत यशाची आहे. परंतु याच संस्थेच्या इतिहासात या मर्यादेची परीक्षा पाहणारा प्रसंगही आहे, आणि त्याचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महेश्वरासमोर नर्मदेच्या पैलतीरी असलेल्या नावडाटोली येथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ मध्ये उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके विस्तृत दर्शन भारतात त्यापूर्वी घडले नव्हते. गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, जवस यांचे जळलेले दाणे मिळाले. रंगीत मृद्भांड्यांची विपुलता डोळ्यांत भरणारी होती. किरणोत्सर्गी कार्बनाच्या मापनाने या वस्तीचा आरंभ इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास ठरला. भांड्यांत बैठकीचे पेले आणि पन्हळीसारख्या तोटीचे वाडगे होते. सांकलियांना यांचे साम्य इराणमधील भांड्यांशी दिसले, आणि या साम्यावरून आर्यभाषिकांच्या आगमनाचा प्रश्न त्यांनी या मृद्भांड्यांशी जोडून पाहिला.

अनुमान म्हणून हे मांडण्यास हरकत नव्हती, आणि स्वतःची मते पुन्हा पुन्हा तपासण्याची सांकलियांची वृत्ती सर्वश्रुत आहे. तथापि तर्काची पायरी येथे कोठे निसटते, हे पाहिले पाहिजे. भांड्याचा आकार व्यापाराने जातो, अनुकरणाने जातो, कुंभाराबरोबर जातो किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेबरोबरही जातो. भांड्याबरोबर भाषा गेलीच पाहिजे असा नियम नाही. नावडाटोलीच्या त्या थरांत लेखन नाही; तेथील माणसे काय बोलत होती याची प्रत्यक्ष साक्ष एका अक्षराचीही नाही. भाषाशास्त्राची साक्ष वेगळ्या प्रकारची असते. ऋग्वेदातील 'लाङ्गल' यासारखे शब्द आर्येतर भाषांतून आले असावेत असे अनेक विद्वान मानतात. त्यावरून दोन भाषिक समाजांचा संपर्क झाला हे कळते. तो नर्मदेकाठी झाला की अन्यत्र, हे कळत नाही. असे असता पुरातत्त्वज्ञाने 'आर्यभाषा इराणच्या बाजूने आली' हा भाषाशास्त्राचा निष्कर्ष हाती घेऊन तोटीच्या वाडग्याचा अर्थ लावावा, आणि भाषाशास्त्रज्ञाने मग तोच वाडगा आपल्या निष्कर्षाचा भौतिक पुरावा म्हणून दाखवावा, यात दोघेही एकमेकांचे नाव सांगतात आणि पुरावा मात्र कोणीच देत नाही. बाहेरून हे दोन शास्त्रांचे ऐकमत्य वाटते. वस्तुतः एकच अनुमान दोनदा मोजलेले असते.

हा धोका मावळलेला नाही. प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने तो नव्या स्वरूपात उभा राहिला आहे. राखीगढी येथील हडप्पाकालीन दफनभूमीतील एका स्त्रीच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांचा प्रमुख सहभाग होता. त्या एका व्यक्तीत गवताळ स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश आढळला नाही, ही मोलाची साक्ष होय. परंतु ती स्त्री कोणती भाषा बोलत होती, हे तिच्या जनुकांत लिहिलेले नाही. तो अहवाल प्रसिद्ध होताच दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रीय लेखकांनी त्यातून भाषेविषयीचे परस्परविरुद्ध निकाल काढले, हे पाहिल्यास साक्ष आणि निष्कर्ष यांतील भेद विसरण्याची किंमत ध्यानात येते. अशा प्रश्नांत केवळ विद्वानांची प्रतिष्ठा पणास लागलेली नसते. कोण मूळचा आणि कोण उपरा, हा निवाडा लोक त्या आधारावर करू लागतात.

सहकार्याचे आणखी एक रूप येथे पाहिले पाहिजे, कारण त्यात सर्व शास्त्रे एका शब्दापाशी येतात. १९४८ साली कात्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचा संकल्प केला. वेदांपासून अर्वाचीन काळापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यांतील शब्द संदर्भासह चिठ्ठ्यांवर उतरविण्याचे काम सुरू झाले. या चिठ्ठ्यांची संख्या पुढे एक कोटीच्या घरात गेली. अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली पहिला भाग १९७६ मध्ये बाहेर पडला आणि काम अद्याप चालू आहे. 'अक्ष' हा एक शब्द घ्यावा. गाडीचा कणा, जुगाराचा फासा, बेहड्याचे फळ, सोळा माषांचे वजन आणि ज्योतिषातील अक्ष असे अर्थ त्याला आहेत. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, ही गोष्ट वनस्पतीची ओळख असल्याशिवाय उमजत नाही; वजनाचा अर्थ वैद्यकग्रंथांवाचून पूर्ण होत नाही; ज्योतिषातील अर्थाला गणित लागते. कोशकाराला यांतील प्रत्येक शास्त्र यावे अशी अपेक्षा करता येत नाही. परंतु आपणास कोणते येत नाही, हे त्याला नेमके कळले पाहिजे, आणि ते ज्याला येते त्याच्या साक्षीची जागा चिठ्ठीवर मोकळी ठेवता आली पाहिजे.

शेवटी विद्यार्थ्यांविषयी. या कालखंडातील ग्रंथांची मुखपृष्ठे ओळीने वाचली तर एक गोष्ट सहज लक्षात येते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा अहवाल (१९५२) सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांचा. नासिक व जोर्वे येथील (१९५५) सांकलिया आणि शांताराम देव यांचा. महेश्वर-नावडाटोलीचा (१९५८) सांकलिया, सुब्बाराव व देव यांचा. नेवाशाचा (१९६०) सांकलिया, देव, अन्सारी व एअरहार्ट यांचा. जे कालपर्यंत विद्यार्थी होते, त्यांची नावे गुरूच्या नावाशेजारी छापली गेली. देव यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यांचा प्रबंध जैन श्रमणसंघाच्या इतिहासावर, वाङ्मय व कोरीव लेख यांच्या आधारे लिहिलेला. तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच काळात ते खंदकात उतरून मृद्भांड्यांचे थर लावीत होते. परंतु प्रबंध लिहिताना त्यांनी ग्रंथांची व लेखांची पद्धती सोडली नाही, आणि खंदकात उतरल्यावर ग्रंथांतील कथा मातीत शोधल्या नाहीत. दोन शास्त्रे त्यांनी दोन शिस्ती म्हणून आत्मसात केली. १९५४ पासून डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे उन्हाळी व हिवाळी वर्ग भरू लागले. त्यांत इतर विषयांचे अध्यापकही विद्यार्थी म्हणून येऊन बसत. ज्याला दुसऱ्याचे शास्त्र वापरावयाचे आहे, त्याने काही काळ त्या शास्त्राच्या बाकावर बसावे, ही त्यामागील धारणा होती.

इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत चाललेल्या उत्खननात या परंपरेचे फळ दिसते. धान्य, प्राण्यांची हाडे, माती आणि मानवी सांगाडे यांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ आता मोठ्या प्रमाणावर संस्थेतच तयार झालेले होते. नेवाशाच्या वेळी धागा मुंबईस आणि दाणे लखनौस पाठवावे लागले होते. एका पिढीनंतर बरेचसे काम पुण्यातच होऊ लागले. इरावतीबाई १९७० मध्ये निवर्तल्या, कात्रे १९७१ मध्ये निवृत्त झाले, सांकलियांचे निधन १९८९ मध्ये झाले. परंतु मुखपृष्ठावर ज्यांची नावे आली होती, त्यांनी काम पुढे नेले.

या इतिहासावरून आजच्या संशोधक विद्यार्थ्यासाठी एक नियम काढता येतो. दुसऱ्या शास्त्राकडून साक्ष घ्यावी. ती कशी मिळाली, तिची मर्यादा काय, हे शिकून घ्यावे. परंतु निष्कर्ष तयार स्थितीत उसना आणू नये. लांघणजची हाडे, नेवाशाचा धागा, कोरीव लेखांचे प्राकृत आणि इरावतीबाईंचे आप्तविचार येथे हा नियम पाळला गेला. नावडाटोलीच्या वाडग्याच्या बाबतीत तो क्षणभर निसटला. प्रबंधांच्या रूपरेषा वाचताना प्रस्तुत लेखकास वारंवार असे आढळते की, विद्यार्थी तीन शास्त्रांची नावे घेतो आणि त्यांपैकी एकाचीही पद्धती त्याला सांगता येत नाही. दोष सर्वस्वी त्याचा नाही. आपण अध्यापकांनीच त्याला शास्त्रांची नावे एकत्र ठेवण्यास शिकविले, आणि बाकावर बसविण्याचे राहून गेले. 'आंतरविद्याशाखीय' हे विशेषण लावण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे : तुझ्या विषयात अशी कोणती वस्तू आहे, की जिच्यापुढे तुझे शास्त्र अपुरे पडते? त्या वस्तूचे नाव तो सांगू शकला, तर कोणत्या दाराशी जावयाचे हे त्याला आपोआप कळेल.